स्वयंचलित मोटार व चालकाच्या संवयी

पाथर्डीस आमच्या एकत्र कुटुंबांत मोटार एक आणि ती चालविणारे चौघे. गिअर आपोआप बदलणारी गाडी घेतली, तेव्हां आम्हां सर्वांस वाटलें कीं, आतां डाव्या पायाबरोबर डोक्यासही विश्रांति मिळाली! हा भ्रम करंजीच्या घाटांत फिटला.

मातुःश्रींच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठीं आम्ही नगरास निघालों होतों. घाटांत मालट्रकांची रांग लागली. आमच्या धाकट्या बंधूंनीं ब्रेक न लावतां, ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून गाडी चढावर तोलून धरली. थोड्याच वेळांत जळका वास सुटला, इंजिन नुसतें घोंगावूं लागलें आणि गाडी पुढें सरकेना. मातुःश्रींना उन्हांत रस्त्याच्या कडेस बसवावें लागलें. शस्त्रक्रियेचा दिवस हुकला तो निराळाच.

घरीं दोष अर्थातच यंत्रावर आला. पण कारागिरानें क्लचची काळी पडलेली तबकडी पुढें ठेवली, तेव्हां आम्ही निरुत्तर झालों. २०१४ सालीं मारुतीच्या सेलेरिओबरोबर आपल्याकडे रूढ होऊं लागलेल्या ह्या एएमटी पद्धतींत क्लच व गिअर पूर्वीचेच असतात. ते हलविण्याचें काम तेवढें माणसाऐवजीं यंत्र करतें. चढावर गाडी इंजिनाच्या जोरावर धरून ठेवली कीं ही तबकडी अर्धवट टेकून घासत राहते, तापते व जळते. तेलाच्या प्रवाहानें शक्ति पोंचविणारा जो दुसरा प्रकार आहे, त्यांत तीच उष्णता तेलांत शिरते. तेल बिघडलें कीं आंतल्या तबकड्या झिजतात.

उपाय साधे आहेत. चढावर थांबतांना ब्रेकच लावावा. पुढची गाडी हातभर सरकली म्हणून आपण सरकूं नये. पुरेशी जागा झाल्यावरच निघावें. मागें घेतलेली गाडी पूर्ण थांबल्याखेरीज पुढचा गिअर टाकूं नये. ज्या गाडींत ‘पी’ची खूण असते, तींत आधीं हातब्रेक ओढावा, मग ‘पी’ लावावा. नाहींतर उतारावर सारा भार एका लहानशा खिळीवर पडतो. घाट उतरतांना न्यूट्रल नको, खालचा गिअर हवा.

मातुःश्रींची शस्त्रक्रिया पुढें सुखरूप पार पडली. गाडीची किल्ली उचलणारा प्रत्येक जण हे नियम पाळतो कीं नाहीं, हें आतां त्याच मागच्या आसनावरून डोळ्यांत तेल घालून पाहतात!