घरातले पोर बासरी घेऊन स्पर्धेला निघाले, तर

आपल्या बीड जिल्ह्याला बासरी नवी नाही. बालाघाटाच्या माळावर गुरे-मेंढरे राखताना पावा वाजवायची रीत जुनी. परळीच्या महाशिवरात्रीच्या जत्रेतून बैल, फुगा किंवा बासरी यांपैकी एक काही घेतल्याशिवाय पोर घरी येत नाही. पण हेच पोर पुढे कॉलेजात जाते आणि एके दिवशी म्हणते, "मी युवक महोत्सवात शास्त्रीय सूरवाद्याच्या स्पर्धेत बासरी वाजवणार." मग घर बुचकळ्यात पडते. हे शिक्षण आहे की खेळ? खर्च किती? आणि नेमके सोयाबीन काढणीच्या दिवसांत याला रियाजाला मोकळे सोडायचे कसे?

प्रश्न खोटे नाहीत. आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालये छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. विद्यापीठांचे युवक महोत्सव बहुधा खरिपाच्या काढणीच्या आगेमागे येतात आणि त्याच सुमारास हजारो घरांत कोयत्याची उचल घेऊन साखर कारखान्यावर जायची तयारी चालू असते. म्हणजे स्पर्धेची तयारी करायची ती या धांदलीत. म्हणून ती आषाढातच सुरू झालेली बरी.

आधी वाद्याचे बघू. तोंडात धरून सरळ फुंकायचे अलगूज वेगळे आणि आडवी धरून वाजवायची बासरी वेगळी. स्पर्धेला आडवी बासरीच लागते, आणि तीही सुरात असलेली. जत्रेतली बासरी दिसायला छान असते, पण तिची भोके अंदाजाने पाडलेली असतात. ती पेटीशी जुळत नाही. मुलाचा गळा, कान आणि बोटे सगळे बरोबर असूनही तो बेसूर ठरतो, तो या बासरीमुळे. खर्च करायचाच तर इथे करावा. झब्बा-जाकीट उसने आणले तरी चालते.

आपल्या बांधावरच्या बांबूची बासरी का होत नाही, असे कोणी विचारील. आपल्याकडचा मानवेल भरीव, जाड सालीचा आणि जवळजवळ पेरे असलेला. काठीला, शिडीला उत्तम, बासरीला निरुपयोगी. मैफलीची मोठी बासरी सुमारे तीस इंच लांबीची असते आणि तेवढी लांबी एकाच पेरात मिळावी लागते. शिवाय साल पातळ हवी. असा बांबू आसामकडे होतो. तो उत्तर प्रदेशातील पिलिभीत गावी येतो आणि तिथले कारागीर पिढ्यान् पिढ्या त्याच्या बासऱ्या करतात.

बासरी घेताना पट्टी विचारावी. मैफलीची मोठी बासरी बहुधा पांढरी तीनची असते. मुलाची बोटे लहान असतील तर तिची भोके नीट झाकत नाहीत आणि सूर फाटतो. अशा वेळी आखूड बासरी घ्यावी. मोठीचा हट्ट नको. साथीचा तबलाही त्याच पट्टीत मिळवावा लागतो. आपल्याकडे भजनी मंडळांत तबला बराच उंच लावलेला असतो आणि तो फार खाली उतरत नाही. म्हणून बासरी घेण्याआधी साथ कोण करणार, त्याच्याकडे कोणत्या पट्टीचा तबला आहे, हे विचारून ठेवावे. स्पर्धेच्या आदल्या दिवशी हे कळून उपयोग नाही.

आता गुरूचा प्रश्न. तालुक्याच्या गावी बासरीचा शिक्षक मिळेलच असे नाही. पण तेवढ्यासाठी हात टेकू नयेत. पन्नालाल घोष यांचेच पाहा. जन्म १९११ सालचा, बारिसालचा, म्हणजे आजच्या बांगलादेशातला. आखूड बासरीवर रागाचा विस्तार होईना म्हणून त्यांनी प्रयोग करकरून बत्तीस इंची बासरी घडवली, तिला सातवे भोक जोडले आणि गुराख्याचे वाद्य मैफलीत आणून बसवले. ते १९४७ साली उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचे शिष्य झाले. खाँसाहेब सरोदिये! पंडित हरिप्रसाद चौरसियांचे वडील पैलवान. मुलानेही आखाड्यात उतरावे ही त्यांची इच्छा. मुलगा लपूनछपून गाणे शिकला, मग बासरी शिकला आणि १९५७ साली कटकच्या आकाशवाणीत नोकरीला लागला. पुढे मुंबईत त्यांनी ज्या अन्नपूर्णादेवींकडे तालीम घेतली, त्या सूरबहार वाजवीत. बासरीचे दोन सर्वांत मोठे वादक बासरी न वाजवणाऱ्या गुरूंकडे शिकले आहेत. तेव्हा गावात गाणारे बुवा असतील, पेटी शिकवणारे गुरुजी असतील, तर राग तिथे शिकता येतो. फुंक आणि बोटे मात्र जाणकाराला महिन्यातून एकदा तरी दाखवून आणावीत. फुंकीची चुकीची सवय जडली की सुटता सुटत नाही.

मुलगी बासरी वाजवते म्हणून नाक मुरडणारे अजून भेटतात. त्यांनी तमिळनाडूच्या सिक्कील भगिनींचे, कुंजुमणी आणि नीला यांचे नाव विचारून घ्यावे. त्या दोघींना बासरीसाठीच २००४ साली पद्मश्री मिळाली.

राग कोणता घ्यावा? इथे पुष्कळ मुले फसतात. अवघड राग घेतला की परीक्षक खूश होतील असे त्यांना वाटते. बासरीवर राग निवडताना आधी भोकांचा हिशेब करावा. वरची तीन भोके झाकली की सा. दोन झाकली की रे, एक झाकले की ग. सगळी मोकळी सोडली की तीव्र मध्यम. उलट बाजूला चार झाकली की नी, पाच झाकली की ध, सहाही झाकली की प. आता शुद्ध मध्यम हवा तर पहिले भोक अर्धेच झाकावे लागते. कोमल निषादाला पाचवे अर्धे. हे 'अर्धे' म्हणजे किती, ते फक्त कान सांगतो. बोट जरा हलले की सूर हलला.

भूप आणि हंसध्वनी या रागांत अर्धे भोक एकही नाही. दुर्गात मध्यमाला आहे. वृंदावनी सारंगात मध्यमालाही आहे आणि उतरताना कोमल निषादालाही. स्पर्धा दिवसा असतात म्हणून शिक्षक सारंग सुचवतात, आणि दुपारच्या वेळेला तो शोभतोही. पण दोन वर्षांच्या शिकाऊ मुलाने सारंगाच्या वाटेला जाण्याआधी आपला मध्यम रोज पेटीवर तपासावा. भूप सोपा, असेही समजू नये. भूपात गंधारावरून पंचमावर जाताना एक बोट टेकलेले असते तिथे सहाच्या सहा बोटे एकदम बसावी लागतात, आणि त्याच क्षणी फुंकही वरच्या सप्तकाची व्हावी लागते. एक बोट मागे राहिले तर मध्येच किंचाळल्यासारखा आवाज येतो. ही एकच उडी रोज शंभर वेळा करावी. घरच्यांना कंटाळा येईल, येऊ द्यावा.

मग वेळेचा हिशेब. अशा स्पर्धांत दहा-पंधरा मिनिटांपलीकडे वेळ नसतो. नक्की किती ते नियमपत्रकात पाहून घ्यावे. समजा दहा मिनिटे आहेत. अडीच मिनिटे आलाप, साडेचार मिनिटे मध्यलयीची गत, तीन मिनिटे द्रुत. तीनताल सोळा मात्रांचा. मिनिटाला ऐंशी मात्रांची लय धरली तर एक आवर्तन बारा सेकंदांचे, म्हणजे साडेचार मिनिटांत साधारण बावीस आवर्तने. द्रुतात मिनिटाला दोनशे चाळीस मात्रा धरल्या तर आवर्तन चार सेकंदांचे, तीन मिनिटांत पंचेचाळीस. एवढ्या आवर्तनांत काय काय वाजवायचे ते वहीत लिहून काढावे. एकरी बियाणे मोजतो तसेच हे. न मोजता उतरलेला मुलगा आलापातच रमतो आणि द्रुताला हात घालतो न घालतो तोच घंटा होते.

आता थोडे दूरदेशचे. बासरीच्या तयारीची ही चिंता आपल्याकडचीच नव्हे. युरोपात अडीच-तीनशे वर्षांपूर्वी, ज्या काळच्या संगीताला तिकडे बरोक म्हणतात त्या काळात, आडवी बासरी लाकडाची होती. बोटांची भोके सहा, म्हणजे आपल्यासारखीच. शेवटी करंगळीसाठी एक चावी तेवढी जास्त. आज बँडमध्ये दिसणारी चाव्यांनी भरलेली धातूची बासरी १८४७ साली बोम या जर्मन कारागिराने काढली. जुन्या लाकडी बासरीसाठी बाख या थोर जर्मन रचनाकाराने एकट्या बासरीची एक रचना केली आहे. तिच्यात नाचाच्या चालीवरचे चार भाग आहेत. पहिल्या भागात सूर असे सलग धावतात, की दम घ्यायला बाखने जागाच ठेवलेली नाही! श्वास कुठे चोरायचा, हे वाजवणाऱ्याने स्वतः ठरवायचे. स्पर्धेसाठी ती रचना बसवणारी तिकडची मुले कागदावर श्वासाच्या खुणा करतात. आपल्या मुलांनीही गतीच्या आणि तानांच्या वहीत अशा खुणा कराव्यात. तान मध्येच तुटते ती बहुतेक वेळा दम चुकीच्या जागी संपल्यामुळे.

त्याच काळात क्वांट्स नावाचा बासरीवादक होऊन गेला. १६९७ साली एका खेड्यातल्या लोहाराच्या घरी जन्मला. लहानपणीच बाप गेला आणि तो चुलत्याकडे संगीत शिकायला राहिला. पुढे प्रशियाचा राजा फ्रेडरिक याला त्याने बासरी शिकवली आणि १७५२ साली बासरीवर मोठा ग्रंथ लिहिला. चारचौघांत वाजवायचे तर आपल्या ताकदीबाहेरचे काही घेऊ नये, घरी पक्के बसलेलेच वाजवावे, असे तो सांगतो. त्याने एक गमतीची युक्तीही दिली आहे. भीतीने ओठाला घाम सुटला की बासरी ओठावरून सरकते. तेव्हा तोंड आणि बासरी पुसावी, आणि केसांच्या टोपाला लावलेली भुकटी बोटावर घेऊन ओठाला चोळावी! त्या काळी तिकडे असे टोप घालीत. आपल्या मुलाने खिशात कोरडे सुती फडके ठेवले तरी पुरे.

रियाजाला जागा हवी. दोन खोल्यांच्या घरात म्हातारे माणूस खोकत असते, धाकटी अभ्यास करीत असतात. पहाटे मारुतीचे देऊळ मोकळे असते, नाहीतर शेतातली विहीर आहेच. तंबोरा नसला तरी आता मोबाइलवर त्याचा सूर मिळतो. तो लावून एकेक स्वर दम संपेपर्यंत धरावा. गावात सप्ताह असला तर हरिपाठाला बासरी घेऊन बसावे. तिथे चुकले तरी टाळमृदंगात चुका बुडतात आणि माणसांपुढे वाजवायची भीड चेपते. थंडीत बासरीचा सूर थोडा उतरतो आणि फुंकून गरम झाली की चढतो. म्हणून मंचावर जाण्याआधी पाच मिनिटे बासरीत नुसती ऊब भरावी आणि मगच तबला मिळवावा. आपल्या उन्हाळ्यात बांबू तडकतो. बासरीला अधूनमधून तेलाचा हात द्यावा, भोकांच्या मध्ये दोरा घट्ट गुंडाळावा आणि एस. टी.च्या खिडकीशी उन्हात ठेवू नये.

यश मिळाले तर पुढच्या वाटा आहेत. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बासरी हा विषय घेता येतो. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा आणि मग विशारद. आकाशवाणीही तरुण कलावंतांसाठी संगीत स्पर्धा घेत आलेली आहे. या वाटेने पोटापाण्याची सोय लगेच होत नाही, हे मुलाला स्पष्ट सांगावे. त्याचबरोबर पदवी सोडायची नाही, हेही ठरवून घ्यावे.

राहिला कोयत्याचा प्रश्न. कॉलेजच्या सांस्कृतिक विभागातून महोत्सवाच्या तारखा जाहीर होताच विचारून घ्याव्यात आणि मुकादमाशी निघायचा दिवस बोलताना त्या ध्यानात ठेवाव्यात. चार दिवस मागेपुढे होत असेल तर मुलाबरोबर एकाने थांबावे. ते जमले नाही, मुलगा आजीपाशी राहिला आणि आईबाप कारखान्यावर गेले, तर त्याने वाजवलेली गत मोबाइलवर भरून घ्यावी आणि पाठवून द्यावी. तोडणीवर दिवसा कोणाला फोन घ्यायला उसंत नसते. संध्याकाळी कोपीवर चूल पेटली की ऐकता येते.