कडू चॉकलेट, गोड समजुती

'चॉकलेट खाऊ नकोस, दात किडतील,' हे ऐकतच आपल्या पिढ्या वाढल्या. आता त्याच घरांतले आजोबा जेवणानंतर डार्क चॉकलेटची वडी तोंडात टाकतात आणि कुणी हटकलंच तर म्हणतात, 'हृदयाला चांगलं असतं!' यात तथ्य किती? तथ्य आहे, पण अर्धं. आणि तब्येतीच्या बाबतीत अर्धं खरं कधी कधी महागात पडतं.

ही कहाणी सुरू होते पनामा देशाच्या किनाऱ्याजवळच्या सान ब्लास बेटांवर. तिथे कुना नावाचे आदिवासी राहतात. त्यांच्या जेवणात मीठ भरपूर, तरी वय वाढलं म्हणून त्यांचा रक्तदाब वाढत नाही, याचं हार्वर्डचे डॉक्टर नॉर्मन हॉलेनबर्ग यांना १९९०च्या दशकात कुतूहल वाटलं. हा गुण रक्तातला म्हणावा, तर पनामा शहरात जाऊन राहिलेल्या कुनांचा रक्तदाब मात्र वाढत होता. फरक शोधताना लक्षात आलं, की बेटावरची माणसं रोज कितीतरी कप कोको पितात. शहरात ती सवय सुटली होती. अर्थात, शहरात गेल्यावर माणसाचं बाकीचं आयुष्यही बदलतं; त्यामुळे सगळं श्रेय एकट्या कोकोला देता येत नाही.

तरीही दुवा मिळाला. कोकोच्या बीमध्ये फ्लॅव्हनॉल नावाची द्रव्यं असतात. आपल्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करतं आणि त्यामुळे वाहिन्या सैलावतात. फ्लॅव्हनॉल या कामाला हातभार लावतात. अनेक छोट्या प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात कोकोमुळे रक्तदाब सरासरी दोन अंकांहून थोडा कमीच उतरल्याचं दिसलं. म्हणजे फायदा आहे, पण तो गोळीची जागा घेण्याइतका नाही.

पुढे अमेरिकेत २१ हजारांहून अधिक वयस्कर स्त्री-पुरुषांवर कॉसमॉस नावाचा मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२२ साली आले. हृदयविकाराच्या एकूण घटनांत खात्रीने सांगावी अशी घट दिसली नाही. हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र २७ टक्क्यांनी कमी आढळले. पण मंडळी, या प्रयोगात कुणाला चॉकलेट दिलं नव्हतं. दिल्या होत्या कोकोच्या अर्काच्या कॅप्सूल, रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल असलेल्या. या प्रयोगाला एका मोठ्या चॉकलेट कंपनीचं अर्थसाहाय्य होतं, हेही ध्यानात ठेवावं.

दुकानातल्या वडीत किती फ्लॅव्हनॉल असतात, हे वेष्टनावर सहसा लिहिलेलं नसतं. '७० टक्के कोको' हा आकडा कोकोच्या बीतून आलेल्या सगळ्या ऐवजाचा असतो; त्यात कोकोचं लोणीही आलं. बी आंबवताना आणि भाजताना फ्लॅव्हनॉल घटतात. कडवटपणा कमी करायला कोकोवर अल्कलीची प्रक्रिया केली, तर ते आणखी कमी होतात. गंमत अशी, की याच प्रक्रियेने कोकोचा रंग अधिक गडद होतो! तेव्हा जितकं काळं तितकं गुणकारी, हा हिशेब चुकतो. घटकांच्या यादीत 'अल्कलाइज्ड' शब्द दिसला, तर फायद्याची अपेक्षा कमी ठेवावी.

शिवाय १०० ग्रॅम डार्क चॉकलेटमध्ये सुमारे ६०० कॅलरी असतात. म्हणजे ३० ग्रॅमच्या तुकड्यात साधारण १८०, दोन पोळ्यांइतक्या. 'डार्क' म्हणजे बिनसाखरेचं असंही नाही. मधुमेहींनी ही साखर हिशेबात धरलीच पाहिजे. आठवड्यातून पाचदा डार्क चॉकलेट खाणाऱ्यांना मधुमेह कमी होतो, अशी नोंद २०२४च्या एका अमेरिकी पाहणीत झाली. पण ती निव्वळ पाहणी होती. अशी माणसं बाकीचंही आरोग्य सांभाळणारी असू शकतात. आणि मधुमेह न होणं वेगळं, झालेला बरा होणं वेगळं.

आणखी एक सावधगिरी. २०२२ साली अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहकसंस्थेने २८ डार्क चॉकलेटं तपासली, तेव्हा सगळ्यांतच शिसं आणि कॅडमियम हे जड धातू सापडले. कॅडमियम जमिनीतून मुळांवाटे येतं. शिसं बिया वाळवताना धुळीतून बसतं. म्हणून गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना रोज डार्क चॉकलेट देऊ नये. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनीही जपावं, कारण कोकोत ऑक्झलेट भरपूर असतं. रात्री झोप न येणाऱ्यांनी ते संध्याकाळनंतर टाळावं, कारण त्यात कॅफीन असतं.

मग खावं की नाही? आवडत असेल तर जरूर खावं. वीस-तीस ग्रॅमचा तुकडा, रोजच्या मिठाईच्या किंवा बिस्किटांच्या जागी. त्यांच्या जोडीला नव्हे. आवडत नसेल, तर नाक दाबून खाण्याचं कारण नाही. फ्लॅव्हनॉल चहात असतात, सफरचंदात असतात. एक मात्र कटाक्षाने पाळावं. रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करायची नाही. चॉकलेट हा खाऊ आहे. त्याला खाऊच राहू द्यावं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)