विहिरीभोवतालची खचती जमीन

घरच्या विहिरीचा कांठ खचूं लागला, की आपण मातीच्या पाट्या ओतून मोकळे होतों. आम्हींही तसेंच केलें. पुढच्याच पावसाळ्यांत तोच खड्डा पुन्हां पडला. माती नुसती दबत नव्हती. बांधकामाच्या निखळलेल्या सांध्यांतून विहिरींत वाहून जात होती. पावसानंतर पाणी गढूळ होऊं लागल्यास हाच संशय घ्यावा. अशा कांठावर माणसें, जनावरें जाऊं देऊं नयेत; जाणत्या गवंड्यानें पाहिल्यावांचून कोणीं आंत उतरूं नये. झऱ्यांच्या जागा मोकळ्या ठेवून वरचे सांधे चुन्यानें वा सिमेंटानें भरावे. मग पोकळ माती उकरून, ओलसर चिकण माती ६ इंचांच्या थरांनीं धुमसानें ठोकीत भरावी. वर बाहेरच्या बाजूस उतार देऊन फरसबंदी करावी व धुण्याचें सांडपाणी दूर न्यावें. पाण्याची वाट बंद केल्याखेरीज खड्डा बुजत नाहीं.