मोटरचा पहारेकरी

पिठाच्या गिरणींत दळण चालू असतां मोटर एकाएकीं थांबली, कीं दोष बहुधा ओव्हरलोड रिलेच्या माथीं मारला जातो. वस्तुतः हा पहारेकरी आपलें कर्तव्यच बजावीत असतो. त्याच्या पोटांत दोन धातू जोडून केलेल्या पट्ट्या असतात. प्रवाह वाढला, कीं त्या तापून वांकतात, संपर्क तुटतो व मोटर थांबते.

साध्या डी.ओ.एल. स्टार्टरमध्यें मोटरच्या पाटीवर पूर्णभाराचा प्रवाह १४ अँपिअर लिहिला असेल, तर रिलेची तबकडीहि १४ वरच ठेवावी. पूर्ण भार असतां तीन फेजांपैकीं एक तुटली, तर उरलेल्या दोन तारांतील प्रवाह सुमारें पावणेदोनपट, म्हणजे २४ अँपिअरवर, जातो. मोटर थांबूं नये म्हणून कोणी मर्यादा २५ वर नेलेली असेल, तर पहारेकरी गप्प राहतो व वाइंडिंग जळतें. म्हणून आधीं कारण शोधावें, मगच रिसेटची कळ दाबावी.