बॅटरीविना चालणारा रेडिओ : बांधणी व तपासणी

विद्युत्-चुंबकीय लहरींचा पाठ शिकविताना ‘या लहरी दिसत नाहीत, परंतु त्या आपल्या सभोवती आहेत’ एवढे सांगून शिक्षकास पुढे जावे लागते. मुले ते वाक्य पाठ करितात, त्यांचा विश्वास मात्र बसत नाही. ज्याला सेल नाही व विजेची जोडणीही नाही असा रेडिओ वर्गात बांधला, तर ‘मग याला शक्ती कोठून मिळते?’ हा प्रश्न मुले आपण होऊन विचारतात. प्रक्षेपण केंद्राकडून आलेल्या लहरीतूनच ती मिळते. जगदीशचंद्र बोस यांना शिशाच्या खनिजाच्या अशाच शोधकाबद्दल १९०४ साली अमेरिकेत पेटंट मिळाले होते. आज त्या खनिजाच्या जागी जर्मेनियमचा डायोड वापरितात.

प्रथम एक अडचण स्पष्ट केली पाहिजे. हा संच मध्यम लहरींचा आहे. बीडचे आकाशवाणी प्रक्षेपण एफ.एम. पद्धतीचे असल्याने ते यावर मिळणार नाही. परभणीचे १३०५ व त्या वेळच्या औरंगाबादचे १५२१ किलोहर्ट्झ हे आकडे जुन्या श्रोत्यांना पाठ असत. परंतु अलीकडच्या वर्षांत आकाशवाणीची मध्यम लहरींवरील अनेक प्रक्षेपणे बंद झाली आहेत. म्हणून तार गुंडाळण्यापूर्वी एखादा जुना ट्रान्झिस्टर घेऊन गावात मध्यम लहरींवर कोणते केंद्र ठळक ऐकू येते ते पाहावे. ही पाहणी न करता संच बांधला, चाळीस मुलांनी पाळीपाळीने कान लावला आणि काहीच ऐकू आले नाही, तर प्रयोगाचे फळ नेमके उलटे मिळते.

सुमारे ५ सेंटिमीटर व्यासाची पुठ्ठ्याची किंवा प्लॅस्टिकची नळी घेऊन तिच्यावर २६ नंबरच्या इनॅमल तारेचे ७० वेढे एकमेकांस चिकटून द्यावेत. बारा मीटर तार पुरते. जमिनीकडील टोकापासून विसाव्या वेढ्यावर एक पीळ काढून ठेवावा. एरियल तेथे जोडावयाची आहे. जुन्या रेडिओतील गँग कंडेन्सर वेटोळ्याच्या दोन टोकांस जोडावा. वरच्या टोकापासून डायोड, डायोडपासून स्फटिक-इअरफोन व त्याचे दुसरे टोक जमिनीच्या तारेस, असा मार्ग ठेवावा. डायोड कोणत्याही दिशेने लावला तरी चालतो. मोबाइलचा इअरफोन येथे निरुपयोगी आहे. त्याचा रोध फारच कमी असतो. स्फटिक-इअरफोनमधून एकदिश प्रवाह जात नाही, म्हणून त्याच्या दोन टोकांत ४७ हजार ओहमचा रोधक (पिवळा, जांभळा, नारिंगी पट्टा) जोडणे अवश्य आहे. हा एक रोधक विसरल्याने आवाज घुसमटून फाटका येतो, आणि शंका मात्र बिचाऱ्या डायोडवर घेतली जाते.

एरियल पंधरा ते वीस मीटर लांब असावी. ती विजेच्या तारांच्या वरून, खालून किंवा जवळून नेऊ नये. जमिनीची जोडणी हातपंपाच्या लोखंडी नळास करावी. बालाघाटाच्या कोरड्या मुरमात नुसता खिळा ठोकून भागत नाही. वळवाचे दिवस लागताच एरियल उतरवून ठेवावी. आकाशात गडगडाट असताना संचास कोणीही हात लावू नये.

आता तपासणी. आमच्या पाहण्यात बहुतेक संच एकाच कारणाने मुके राहिले : तारेच्या टोकावरील इनॅमल खरवडलेले नव्हते. तार तांबडी चकाकते म्हणून ती उघडी आहे असे मुलांस वाटते. सेल, टॉर्चचा बल्ब व वेटोळे एका मार्गात जोडावे. बल्ब लागला तर वेटोळे अखंड आहे. इअरफोनची टोके सेलला क्षणभर टेकविली असता ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. त्यानंतर वेटोळ्यावर दुसऱ्या तारेचे चारपाच वेढे सैल गुंडाळावेत, त्यांचे एक टोक सेलला लावावे, सेलचे दुसरे टोक कानशीस जोडावे व मोकळे टोक कानशीच्या दात्यांवरून घासावे. संच नीट असल्यास इअरफोनमध्ये खरखर उमटते. डायोड काढताच ती थांबते. केंद्र लागत नसतानाही संच निर्दोष आहे हे अशा रीतीने मुलांस दाखविता येते.

खरखर येते परंतु केंद्र येत नाही, असे झाल्यास लहर क्षीण आहे असे समजावे. अशा वेळी इअरफोनच्या जागी बॅटरीवर चालणाऱ्या शालेय ध्वनिवर्धकाची माइकची तार जोडून पाहावी, आणि सूर्यास्तानंतर पुन्हा प्रयत्न करावा. दिवसा वातावरणाचा वरचा एक विद्युत्-भारित थर मध्यम लहरी शोषून घेतो. रात्री तो विरतो व त्याहून उंच थरावरून परावर्तित झालेली दूरची केंद्रे येऊ लागतात. मुलांनी आठवडाभर वेळ व ऐकलेली भाषा वहीत टिपून ठेवावी. दिवसाची पाने कोरी राहिली तरी ती फाडू नयेत.