मधुमेही बालकाचा शाळेतील डबा

काही मधुमेही बालकांना सीलियाक हा विकारही जडलेला असतो. गहू व जव यांतील ग्लूटेन हे प्रथिन त्यांच्या आतड्यास अपाय करते. म्हणून पोळी, रव्याचा उपमा, शेवया व गव्हाची बिस्किटे त्यांना सर्वथा वर्ज्य होत. बाजारातील हिंगातही पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. डब्यात ज्वारीची भाकरी व उसळ, मुगाचे धिरडे किंवा भाजलेले शेंगदाणे द्यावेत. गव्हानंतर त्याच गिरणीत दळलेले पीठ मात्र टाळावे. भाकरीचे प्रमाण इन्शुलिनच्या मात्रेशी जुळते ठेवावे.

मूल घामाघूम होऊन थरथरू लागल्यास शिक्षकांनी बिस्किट न देता सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन चमचे, साखर पाण्यात विरघळवून तत्काळ पाजावी. १५ मिनिटांत उतार न पडल्यास पुन्हा द्यावी. मूल बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही न घालता त्यास त्वरित रुग्णालयात न्यावे.