ग्रहण नव्हे, रक्तपुरवठा!

बाळाची बोटं अर्धवट दिसली, की आईला पहिला प्रश्न येतो: ग्रहणात विळीवर बसली होतीस का? कारण ते नसतंच. कधी गर्भात हात नीट घडत असतानाच एखादी रक्तवाहिनी फुटते, आकसते किंवा गुठळीने बंद होते. पुढच्या भागाला रक्त न मिळाल्याने पेशी मरतात, टोकं झडतात. अशा वेळी दोष सहसा जनुकांत नसतो. म्हणून पुढच्या बाळाला तो होण्याची शक्यता फार कमी.

हा रक्तपुरवठा कधी एखाद्या तपासणीनेही बिघडत असावा. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी थॅलसेमियाच्या गर्भनिदानासाठी ओळखली जाते. या निदानासाठी घडत असलेल्या वारेचा इवलासा तुकडा काढतात. १९९१ साली ऑक्सफर्डच्या डॉक्टरांना दिसलं, की ही तपासणी फार लवकर झालेल्या काही बाळांचे हातपाय अपुरे होते. वारेच्या रक्तवाहिन्यांना धक्का लागतो, असा कयास. म्हणून ती आता दहा आठवड्यांनंतरच करतात.

मिसोप्रोस्टॉल या गर्भपाताच्या गोळीनेही गर्भाशय आवळतं आणि रक्तपुरवठा कमी होतो. गर्भ टिकला, तर व्यंगाचा धोका असतो. तेव्हा गर्भपाताची गोळी परस्पर घेऊ नका. आणि विळीला दोष देऊ नका, आईला तर नकोच.